सात वाजले, मी जागा आहे

ता. ९ सप्टेंबर

ताई,

नमस्कार, आणि पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय फाडू नकोस एवढी विनंती. इकडे सगळं ठीक आहे. फोनवर मी तुला गुंडाळतो, म्हणून यापुढे जे काय सांगायचं ते लिहून कळव, असं तूच बजावलंस. कोर्टात दिवसभर लोकांच्या जबान्या टाइप करणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? तर ही घे माझी जबानी.

बाबांचा रेडिओ परवापासून सुरू झाला. आपलं ठरलं तसंच. रोज सकाळी सातला ते अर्धा तास बोलणार, गावात पाणी कधी येणार ते सांगणार, आवडीची दोन गाणी लावणार. ज्या दिवशी सातला आवाज आला नाही, त्या दिवशी आपल्यापैकी एकानं सगळं टाकून तिकडे जायचं. तोपर्यंत तू त्यांना तुझ्याकडे नेण्याचा विषय काढायचा नाही. ते कबूल, तू कबूल, मी जामीन.

सुरुवातीला आवाज कुठल्या प्रकारानं पाठवायचा यावरच दोन दिवस वाद झाला. एका प्रकारात आवाजाचे बारीक तुकडे होतात, फोन ते आधी साठवतो आणि मग वाजवतो. लाइन जरा डगमगली तरी ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, पण सगळं अर्धं मिनिट उशिरा पोचतं. दुसरा आपला साधा, सलग एमपीथ्री. तो चार सेकंदांत पोचतो, पण लाइन गेली की आवाजही गेलाच. माझं मत पहिल्याला होतं, कारण त्यांच्या गल्लीतली लाइन तुला माहीत आहे.

बाबा म्हणाले, "म्हणजे मी सात म्हणेन तेव्हा लोकांकडे सात वाजून अर्धं मिनिट झालेलं असणार? तीस वर्षं निवेदक होतो, एकदाही वेळ चुकवली नाही. आता म्हातारपणी लोकांना खोटी वेळ सांगू?"

झालं, सलग एमपीथ्री. एका अर्थी बरंच झालं, तुझ्या त्या पुराणकाळातल्या फोनवर दुसरं काही वाजलंही नसतं. लोकांसाठी पान केलंय त्यावर प्लेअरचं एकच मोठं बटण आहे. बाबांच्या टेबलावर एक छोटा स्पीकर ठेवलाय, तो सातला आपोआप लागतो, म्हणजे आपला आवाज बाहेर जातोय की नाही हे त्यांना तिथंच कळतं. त्यात ते स्वतःला चार सेकंद उशिरा ऐकतात आणि मान डोलावतात. बघण्यासारखं असतं.

शेजारचा शिंपी सातच्या आधीच मशीनवर बसतो. तो म्हणतो, "तुमचे बाबा मला दोनदा ऐकू येतात. आधी भिंतीतून, मग फोनमधून. एकदा समजलं नाही तर दुसऱ्यांदा समजतं."

लाइन गेली तर मध्ये काहीतरी लावून ठेवू का, असं मी विचारलं होतं. बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "मी नसेन तेव्हा रेडिओनं गप्प बसायचं. नाहीतर या हजेरीला अर्थ काय?"

सुरुवात कशी करतात, सांगू? "सात वाजले. मी जागा आहे, तुम्हीही व्हा." मग तारीख, मग वार. तू ऐकणार नाहीस असं म्हणालीस, पण किती लोक कुठल्या गावातून ऐकतायत ते मला दिसतं. तुझ्या गावात काल एकजण होता. असेल कोणीतरी.

तुझा,
धाकटा


ता. ३० सप्टेंबर

ताई,

नमस्कार. तब्येत बरी असेल, आणि राग अजून असेल हे गृहीत धरून लिहितोय.

गेल्या आठवड्यात जे झालं त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. सात वाजले, आवाज आला नाही, सव्वासात झाले तरी आला नाही, तर कोणीही घाबरेल. तू शिंप्याला फोन केलास, तो दोघांना घेऊन गेला, त्यांनी कडी तोडली. आत बाबा तोंडाला साबण फासून आरशासमोर उभे. रस्ता खणताना कोणीतरी लाइनच उखडली होती, आता काही बोलणं होत नाही तर निदान दाढी उरकून घेऊ म्हणून. हसावं की रडावं कळत नाही.

त्यांना फार लागलं ते. नवी कडी बसवून घेतली, शिंप्याकडची किल्लीही परत मागून घेतली. "माझ्या घरात मी मेलोय का हे बघायला माणसं येतात," असं मला दोनदा म्हणाले.

आणि तू लिहिलंस की पुढच्या वेळी आवाज बंद पडला की गाडी घेऊन येईन आणि त्यांना उचलून नेईन, मग कोणाचं काही ऐकणार नाही. तू तसं करशील, मला माहीत आहे. तू म्हणालीस आणि केलं नाहीस, असं कधी झालंय? पण ताई, तुझ्याकडच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत, जिथं कोणी ओळखीचं नाही, तिथं ते महिनाभर तरी टिकतील का?

म्हणून मी एक सोय केलीय. यापुढे लाइनच्या भानगडीमुळे आवाज तुटायचा नाही. कशी केली ते विचारू नकोस, त्यातलं तुला कळायचं नाही आणि मला समजावता यायचं नाही. माझं कामच ते आहे, दिवसभर हेच करतो. तू निर्धास्त राहा.

तू आठवडाभर रेडिओ लावला नाहीस, हे दिसतंय मला. लाव पुन्हा.

तुझा,
धाकटा


गुरुवार, ता. २१ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. घाईत लिहितोय, ऑफिसात पाहणी चालू आहे. एका मोठ्या कंपनीला आमच्याकडून रेडिओ करून हवाय, दोन दिवस मान वर करायला फुरसत नाही. वरिष्ठ पाठीशी लागलेत.

तू सकाळी फोनवर कळवलंस की बाबांचा आवाज कालपासून फार स्वच्छ येतो. येणारच. काल आणि आज एकदाही तुटला नाही. सातच्या ठोक्याला सुरू, साडेसातला बंद, सेकंदाचा फरक नाही. पूर्वी आधी खाकरायचे, काहीतरी पाडायचे, दहा-पंधरा सेकंद त्यातच जायची. सवयीनं सुधारतं माणूस.

तारीख सांगत नाहीत म्हणतेस. अगं, वय झालं. विसरत असतील. मी सांगेन त्यांना.

मी काल फोन केला होता, उचलला नाही. पण ते सकाळी कधी उचलतात? आजही केला. बहुतेक पुन्हा लाइनचं काहीतरी असेल. म्हणजे फोनच्या लाइनचं म्हणतोय मी. रेडिओ तर तू ऐकतेच आहेस.

तर काळजीचं काही नाही. शनिवारी जमलं तर एक फेरी मारून येईन. हे लिहून देतोय, म्हणजे तुझ्याकडे पुरावा राहील.

तुझा,
धाकटा


ता. ९ डिसेंबर

ताई,

नमस्कार लिहिलं आणि पुढं अर्धा तास काही सुचलं नाही. चहा गार झाला. तू सांगितलं होतंस ना, की मी फोनवर गुंडाळतो. मी कागदावरही गुंडाळतो. २१ तारखेचं पत्र तुझ्याकडे असेलच, तू कागद टाकत नाहीस. ते शेजारी ठेव आणि मग हे वाच.

सगळे जमले होते तेव्हा तू प्रत्येकाला एकच सांगत होतीस. "शेवटच्या दिवसापर्यंत बोलत होते हो. शुक्रवारी सकाळी मी स्वतः ऐकलं. माझं नावही घेतलं त्यांनी. म्हणाले, माझी थोरली रागावलीय, पण तिचं बरोबर आहे." हे सांगताना तुझा चेहरा जरा निवायचा. मी तुझ्या शेजारीच उभा होतो.

ताई, शुक्रवारी ते बोलले नाहीत. गुरुवारीही नाही, बुधवारीही नाही.

मी केलेली सोय ही होती. बाबांकडून आवाज आला नाही, तर सर्व्हरनं आपणहून त्यांचा जुना कार्यक्रम लावायचा. असे तीन कार्यक्रम मी साठवून ठेवले होते, एकामागून एक लागणारे. ऐकणाऱ्याला शंका येऊ नये म्हणून तिन्हींतली तारीख आणि वार मी कापून टाकले. सुरुवातीचं खाकरणंही कापलं. त्यांना सांगितलं नाही, कारण ते काय म्हणाले असते ते आधीच म्हणून झाले होते. तुलाही सांगितलं नाही, कारण मग तू गाडी घेऊन निघाली असतीस. मला त्यांचं घर वाचवायचं होतं. आणि खरं सांगायचं तर आवाज तुटला की चार तास बस धरून जायची पाळी माझी होती, तीही मला वाचवायची होती.

बुधवारी सातला माझ्या फोनवर सूचना आली, की तिकडून जोडणी झालेली नाही, साठवलेला कार्यक्रम सुरू केला आहे. मी ती वाचली. बसस्टॉपवर उभा होतो, ऑफिसच्या. वाटलं, लाइन गेली असेल. फोन केला, उचलला नाही. गुरुवारी तीच सूचना पुन्हा आली, आणि त्याच दिवशी दुपारी मी तुला लिहिलं की काळजीचं काही नाही. मला तेव्हा माहीत होतं की तू ऐकतेयस तो आवाज सप्टेंबरातला आहे. तरी लिहिलं. पाहणी संपली की जाऊ, असं मनाशी म्हणत होतो.

शुक्रवारी सव्वासातला शिंप्याचा फोन आला. तो म्हणाला, "जरा विचित्र वाटेल तुम्हाला, पण तीन दिवस बाबा मला एकदाच ऐकू येतायत. फोनमधून येतात, भिंतीतून येतच नाहीत. पहिल्या दिवशी मला वाटलं, हळू बोलत असतील. आज मशीन थांबवून भिंतीला कान लावला. पलीकडूनही फोनसारखाच बारीक आवाज येतोय."

दार तोडायचं त्याचं धाडस झालं नाही, मागच्या वेळी बाबा जे बोलले होते ते त्याच्या लक्षात होतं. तरी मी सांगितल्यावर त्यानं तोडलं. मी दुपारी पोचलो. बाकीचं तू नंतर येऊन पाहिलंस. जे पाहिलं नाहीस ते लिहितो.

ते टेबलाच्या आणि पलंगाच्या मध्ये पडले होते. माइकची वायर हातात होती, म्हणजे बुधवारी कार्यक्रमासाठीच उठले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, पडले ते बुधवारीच, पण लगेच गेले नाहीत. गुरुवारची संध्याकाळ तरी त्यांनी काढली असावी. तुझ्यापाशी मी एवढंच सांगितलं की झटक्यात गेले.

आणि टेबलावरचा तो स्पीकर चालू होता. हिरवा दिवा लागलेला. तो रोज सातला आपोआप लागतो, मीच तसा लावून दिला होता. म्हणजे बुधवारी ते खाली पडलेले असताना, आणि गुरुवारीसुद्धा, त्यांच्या डोक्यावर त्यांचाच आवाज सांगत होता, की सात वाजले, मी जागा आहे. आपण बोलत नाही आणि रेडिओ बोलतोय, हे त्यांना कळलं असणार. तीस वर्षं त्या धंद्यात होते. आता कोणी येणार नाही, हेही कळलं असणार.

मला दुसरं काही सुचत नाही ताई. जेवताना हेच, झोपताना हेच. मी गुरुवारी ते पत्र लिहायच्या ऐवजी बस धरली असती तर रात्रीच्या आत पोचलो असतो.

थोरलीबद्दलचं ते वाक्य मात्र त्यांचंच आहे. कडी तोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची लाइन दुरुस्त झाली आणि ते बोलले, त्या आठवड्यात तू रेडिओ लावत नव्हतीस. तो मी मुद्दाम त्या तीन कार्यक्रमांत ठेवला होता, कधीतरी तुझ्या कानावर पडेल म्हणून. ते तुझंच आहे, तेवढं तू ठेव.

आता राहिलं एक. सर्व्हर मी अजून बंद केलेला नाही. रोज सातला बाबा बोलतात, तीन कार्यक्रम आळीपाळीनं लागतात. तू मला म्हणालीस, "बरं केलंस, आठवण म्हणून लावून ठेवलंस," तर मी मान हलवली. बाकीचे सगळे गळाले, शिंपीसुद्धा. गेले दोन आठवडे एकच ऐकणारा उरलाय, तुझ्या गावातला. सातला जोडला जातो आणि साडेसातला जातो. मी इकडे तो आकडा बघत बसतो. एकाचा शून्य होईल तो दिवस माझ्यानं बघवणार नाही, म्हणून चालू ठेवलं होतं.

हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. शुक्रवारी सकाळी मी ते तिन्ही कार्यक्रम काढून टाकणार आहे. बाबांनी सांगितलं होतं तसं रेडिओ गप्प बसेल. बटण दाबशील आणि काही येणार नाही. फोन झटकू नकोस, लाइन तपासू नकोस, शिंप्याला विचारू नकोस. सात वाजलेले असतील, आणि तिकडे कोणी जागं नाही.

गाडी घेऊन येणार असलीस तर आता माझ्याकडे ये. मी दार लावून घेणार नाही. नाही आलीस तरी मला समजेल.

ज्याला बुधवारपासून माहीत होतं, तो
तुझा धाकटा