न ऐकलेली झडती

वाशीम,
ता. ५ ऑगस्ट १९५७

चि. गुलाबरावास शालिकरामदादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे. मळ्यातली दोडकी तुझ्या मंडळींच्या, प्रयागबाईंच्या, हाती पोचली. तुझ्या वहिनीने, गोजराबाईने, त्यांतली अर्धी शेजारी वाटून तुझे नाव केले. शाळेत मॅट्रिकच्या वर्गाला सध्या अमेरिकेचा इतिहास चालू आहे. तू दुरुस्तीला टाकलेल्या बंदुकीचे विचारले होतेस. पावसाळ्यात मिस्त्रीकडे काम साचते. त्याविषयी पुढे लिहीन.

आज तुला एक कोडे घालतो. आठवडी बाजारात दोन माणसांची जुंपलेली तू अनेकदा पाहिली असशील. दोघे दोन हातांच्या अंतरावर उभे राहून शिव्या देत असतात, पण हात कोणी उचलीत नाही. मग भले लोक मध्ये पडतात, एकेकाला दोघे-तिघे धरतात, आणि धरल्याबरोबर दोघांच्याही अंगात वारे शिरते. ‘सोडा मले, आज याले दाखवतोच!’ अरे, मोकळा होतास तेव्हा का नाही दाखवलेस? ज्याला आवरायचे तो आवरल्यानेच का चेकाळतो?

या कोड्याचे उत्तर मला अमेरिकेच्या इतिहासात सापडले असे म्हटले तर तू हसशील. खुशाल हस, पण शेवटपर्यंत वाच.

त्या लोकांनी परकी सत्ता घालवली, घटना लिहिली, निवडणुका घेतल्या; आपण आज जे शिकतो आहोत ते त्यांनी आपल्या फार आधी गिरवले. आणि त्याच काळात त्यांचे पुढारी पहाटे माळावर, नदीकाठी जाऊन एकमेकांवर पिस्तुले झाडीत होते. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्याची सही आहे असा बटन ग्विनेट नावाचा गृहस्थ, सही केल्यानंतरच्या वर्षीच असा गेला. एका सेनानीने त्याला भर सभेत खोटारडा आणि हलकट म्हटले. दोघांनी मोजून पावले टाकली, दोघांनाही गोळी लागली. सेनानी वाचला, हा वाचला नाही.

ते अडाणी होते म्हणावे, तर कायदे करणारेच ते. मग मी त्यांची रीत नीट तपासली. अपमान झालेला माणूस स्वतः उठून समोरच्याकडे जात नसे. त्याची चिठ्ठी एक मधला माणूस नेई, आणि तिचे उत्तर दुसरा मधला आणी. भांडण ज्यांचे, ते दोघे सोडून बाकी सगळे बोलत. प्रत्यक्ष गाठ पडे ती पिस्तूल हाती घेतल्यावर.

त्या रीतीचा सर्वांत मोठा बळी अलेक्झांडर हॅमिल्टन. त्यांच्या पहिल्या सरकारातला हा खजिन्याचा मंत्री, मोठा बुद्धिमान. एका मेजवानीत तो आरोन बर याच्याविषयी काही बोलला. बर तेव्हा देशाचा उपाध्यक्ष होता. मेजवानीतल्या एका डॉक्टरने कोणाला पत्र लिहिले आणि ते वर्तमानपत्रात छापले गेले. त्यात असे होते, की हॅमिल्टनने बरविषयी ‘याहूनही नीच’ मत दिले, ते मी सविस्तर सांगू शकेन. सांगितले मात्र नाही. बरने हॅमिल्टनला खुलासा मागितला. हॅमिल्टनने ‘नीच’ या शब्दाच्या किती छटा होतात यावर एक लांबलचक पत्र पाठवले. चिठ्ठ्या गेल्या, चिठ्ठ्या आल्या. १८०४ च्या जुलैत हडसन नदीच्या काठी हॅमिल्टनला गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो वारला. तीन वर्षांपूर्वी त्याचा थोरला मुलगाही त्याच भागात असाच गेला होता.

आता नीट लक्ष दे, गुलाब. मेजवानीत हॅमिल्टन नेमके काय बोलला, ते आजही कोणाला ठाऊक नाही. बर ज्या शब्दांसाठी गोळी झाडायला गेला, ते शब्द त्याने ऐकलेच नव्हते.

दुसरी हकिकत १८३८ ची. एका संपादकाला जोनाथन सिली या खासदाराचा राग आला. त्याने चिठ्ठी लिहिली आणि ती विल्यम ग्रेव्ह्ज या दुसऱ्या खासदाराच्या हाती पाठवली. सिलीने चिठ्ठी घेतली नाही. म्हणाला, संपादकाशी मला वाद नको, तुमच्याबद्दल मात्र मनात काही नाही. प्रकरण तिथेच संपायचे. पण मित्रमंडळी ग्रेव्ह्जला म्हणाली, तुझ्या हातची चिठ्ठी परत गेली, हा तुझाच अपमान. झाले. ज्यांच्यात भांडण मुळीच नव्हते ते दोघे रायफली घेऊन समोरासमोर उभे राहिले. दोन वेळा नेम चुकले. प्रत्येक वेळी मधल्यांनी मसलत केली आणि पुन्हा उभे केले. तिसऱ्या वेळी सिली जागीच गेला. घरी बायको आणि तीन मुले. संपादक त्या माळावर नव्हताही.

म्हणून माझे उत्तर असे, की माणूस समोरच्याशी भांडायला लागतो खरा, पण धरणारे आले की तो त्यांच्यासाठी भांडू लागतो. समोरच्याला माफ करता येते. बघ्यांना माफ कसे करणार?

आता रिठदकडे येतो. पोळ्याला आखरावर, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या, म्हणजे जुळवलेल्या ओळी, म्हणायच्या, एकमेकांची उणी काढायची आणि सगळ्यांनी हसायचे, ही आपली जुनी रीत. तू आणि रतनसिंग एका विहिरीवर एकाच मोटेने मळे भिजवता. त्याचा बैल लंगडला तेव्हा तू तुझा दिलास. पंचायतीच्या निवडणुकीत तो जिंकला, तू हरलास, आणि तेव्हापासून तुमचे सगळे बोलणे दोघांकडे ये-जा असलेल्या खेमाच्या तोंडून चालते. रतनसिंगाने तुझ्यावर झडती रचली आहे असे खेमाने तुला सांगितले, आणि ‘ती झडती म्हणून तर पाहा, म्हणावं त्याला’ असे तू चार लोकांत बोललास, एवढे माझ्या कानी आले आहे.

एकच विचारतो. ती झडती तू ऐकली आहेस का?

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
शालिकराम

•

रिठद,
ता. ११ ऑगस्ट

तीर्थरूप दादाले गुलाबरावचा दंडवत.

पत्र भेटलं. अमेरिकेचे लोक मेले ते वाईट झालं, पन त्याइले मी नाही मारलं. मी चवथी पास मानूस. मले मॅट्रिकच्या वर्गात काहून बसवून राह्यले?

झडती मी आयकली नाही. खेम्यानं आयकली. त्याले म्हटलं, सांग. तं म्हने, ‘भाऊ, माह्या तोंडातून नाही निंघत.’ आता तुमीच इचार करा. खेम्याच्या तोंडातून सासूच्या, मेव्हनीच्या, देवाच्या, साऱ्याइच्या गोष्टी निंघते. त्याच्याबी तोंडातून जे निंघत नाही, ते कसं असन?

चावडीवरून गेलो की लोक हासते. मी पाह्यलं की चूप होते. आखरावर मी खाली मान घालून उभा राह्यलो तं उद्या म्हनतीन, गुलाबराव पंचायतीत हारला न् पोयातबी हारला. तुमी वाशीमले राह्यता, तुमाले ते आयकाचं नाही. मले आयकाचं हाय.

बंदुकीचं तुमी ‘पुढे लिहीन’ म्हनता. पोया जवळ आला. मयात डुकरं लय झाले. कवा भेटते ते लिवा.

तुमचा,
गुलाब

•

वाशीम,
ता. १६ ऑगस्ट

चि. गुलाबरावास आशीर्वाद.

काल शाळेत झेंडावंदन झाले. आपले राज्य आपल्या हाती येऊन दहा वर्षे झाली. मी मुलांना सांगितले, की मत पेटीत टाकणे सोपे असते. हरल्यावर जिंकलेल्याच्या शेजारी पाणी भरता येणे, हा खरा धडा. सांगताना तू डोळ्यांपुढे होतास. मुलांना ते ठाऊक नव्हते.

डुकरे फार झाली असे तू लिहितोस. प्रयागबाई दोडकी घेऊन आल्या त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात गोजराबाईजवळ बसल्या होत्या आणि मी ओसरीवर होतो. मी थोरला दीर, माझ्यासमोर त्या बोलत नाहीत, पण भिंतीला कान असतात तसे मास्तरालाही असतात. ‘बाई, मानूस जेवाले बसते, पन मान वर करत नाही. पापडावानी बारूद वायवून राह्यले उन्हात. डुकरासाठी एवढी कोन वायवते?’   मागच्या पत्रात तुला अमेरिकेची एवढी सफर घडवली, ती या एका वाक्यामुळे.

दोन गोष्टी मी तुझ्यापासून राखून ठेवल्या होत्या. पहिली अशी, की तुझी बंदूक तयार आहे. मागचे पत्र लिहिले तेव्हाही तयार होती. घोड्याची कमान, म्हणजे स्प्रिंग, नवी बसवली आहे, मिस्त्रीने माझ्याकडे तसा निरोपही धाडला होता. तो मी अडवला. मधल्या माणसांना नावे ठेवणारे पत्र लिहिता लिहिता मी स्वतःच मधला होऊन बसलो होतो. बंदूक तुझी, परवाना तुझा, हात तुझा. परवाना घेऊन ये आणि घेऊन जा.

दुसरी गोष्ट. तहसिलीच्या कामासाठी रतनसिंग वाशीमला आला होता, तेव्हा आपल्या ओसरीवर बसून गेला. चहा घेतला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, “मास्तर, तुमच्या भावाले एवढं म्हना...” मी त्याला तिथेच थांबवले. म्हटले, “मी कोणाला काही म्हणणार नाही.”  तो हसला. “मंग आयका तं खरं. आयकाले काय पैसे लागते?” आणि त्याने मला ती झडती म्हणून दाखवली.

होय, मी ती ऐकली आहे. दोन ओळींची आहे. ती मी तुला लिहून पाठवणार नाही. मी कळवली, तर तू शब्दांपेक्षा माझा सूर ऐकशील. दादाने हे गोड करून लिहिले असेल, अशी शंका घेशील. त्यापेक्षा मूळ तोंड जवळ आहे. हॅमिल्टन आणि बर एकाच शहरात राहत होते, रे. एका सकाळी कोणी चिठ्ठी न देता पायी चालत गेला असता, तर केवढा इतिहास वेगळा झाला असता.

तुमच्या विहिरीवर रतनसिंग सकाळी बैलांना पाणी पाजायला येतो. तू त्याला पाहून बांधावरूनच परततोस, हे त्यानेच सांगितले. एक दिवस परतू नकोस. खेमाला नेऊ नकोस, मलाही बोलावू नकोस. बंदूक न्यावीशी वाटली तर ने. मी ‘नको’ म्हटले की तू माझ्यासाठीच नेशील. समोर उभा राहा आणि एवढेच म्हण, ‘म्हण तुझी झडती.’ ऐकायला तिसरे माणूस नसताना ज्याला ती म्हणता येईल, त्याच्याशी काय करायचे ते मग तू ठरव. त्यानंतर मी काही विचारणार नाही.

प्रयागबाई पुन्हा भाजी घेऊन येतील तेव्हा मी ओसरीवर बसणार नाही. त्यांनी काय बोलावे ते त्यांना मोकळेपणी बोलू दे. ते हसण्याचे असावे, एवढीच तुझ्या थोरल्या भावाची इच्छा.

तुझा,
शालिकरामदादा

•

रिठद,
ता. २६ ऑगस्ट

तीर्थरूप दादाले दंडवत.

काल पोया झाला. कोनी मेलं नाही, हे पह्यलं लिवतो, नाहीतं तुमी शेवटपर्यंत जीव धरून वाचसान.

विहिरीवर गेलो होतो. एकटा. बंदूक आनाले मी वाशीमले आलोच नाही, एसटी भरली होती असं घरी सांगतलं. रतन्या बैलाले पानी पाजून राह्यला होता. म्हटलं, “म्हन.” तो म्हने, “कायले, तू तं मले मारनार होता ना?” म्हटलं, “आंधी म्हन, मंग पाहू.” तवा त्यानं पान्याची डोल्ची खाली ठेवली न् म्हटली:

वांगी इकता इकता गुलाब्याची मतं गेली सडून,
रतन्या झाला सरपंच, शिक्का मारते उलटा धरून!

दादा, मी तं हासता हासता बसलोच खाली. खरंच उलटा मारते तो, मी पाह्यला हाय. म्हटलं, “लेका, हे तं तुह्यावरच जास्त हाय.” म्हने, “मंग? सोतावर नाही बोललो तं तुह्यावर कसा बोलू?” खेम्यानं पह्यली ओळ आयकली न् दुसरी व्हायच्या आंधी माह्या मयाकडे पयत सुटला. चावडीवरचे लोक हासत ते रतन्याच्या शिक्क्यावर. मले पाहून चूप कायले व्हायचे? तं रतन्या म्हने, खेम्यानं त्याइले सांगतलं होतं, गुलाबभाऊसमोर हासू नका, त्याच्याजवळ बारूद हाय.

काल आखरावर रतन्यानं झडती म्हटली न् मी खालून जोडली:

शिक्का धराले शिकवते कोन? चवथी पास गुलाबराव,
मास्तराच्या भावाबिगर चालत नाही गाव!

झडतीमागचं ‘हर बोला’ म्हनून सारं गाव हासलं. त्याची बायको न् आपली, दोघी तोरनाखाली एकाच ताटातून बैलाले पुरनपोई चारून राह्यल्या होत्या. खेमाबी हासला, सगळ्यात जोरात, जसं त्यानंच जुळवून आनलं.

बंदूक मिस्तरीजवळच राहू द्या. खरंच डुकरं आले तं येईन घ्याले. बारूद वायली होती ती पोरगं हात लावन म्हनून पान्यात टाकली.

आता तुमच्या कोड्याचं. तुमी उत्तर बरोबर लिवलं, पन पारखून नाही पाह्यलं. या बाजारी दोघं भांडाले लागले तं त्याइच्याजवळ जाऊ नका. धरनारे असते ना, त्याइच्या कानात सांगा, ‘सोडा, चाला चहा प्याले.’ मंग लांब उभं राहून पाहा, ते दोघं किती वेळ भांडते. काय होते ते मले लिवा.

तुमचा,
गुलाब

बाजूचा शिक्का रतन्यानं मारला. उलटा हाय.