हात माझे, तोंड आक्काचं

हात माझे काढलेत, पाय माझे काढलेत, पाठ माझी, वेणी माझी, आणि वर तोंड बसवलंत आक्काचं. हे तुम्ही होता तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही, कारण बापापुढे तोंड उघडायची आपल्या घरात पद्धत नव्हती. मग तुम्ही गेलात, आणि मेलेल्या माणसाशी भांडण्यात काही मजा नसते, ते उलटून बोलत नाही. इतकी वर्षं गिळलंच होतं. पण तुमच्या त्या बाईचा सिनेमा काढायला निघाले लोक, आणि सगळं परत घशाशी आलं. बसा अप्पा. आता तुम्हाला कसली घाई.

कोणती बाई म्हणून विचारू नका. जन्मभरात तुम्ही एकच बाई काढलीत. शाळेत पोरांना आंबे-मडकी काढायला शिकवायचं, आणि घरी आलं की मद्रासच्या साप्ताहिकासाठी चित्रकथेचं पान. कावेरीच्या पाण्यावरून चालणारी, बुडणाऱ्याला केसाला धरून वर ओढणारी, लुटारूंच्या होड्या एका हातानं उलथणारी बाई. आख्ख्या तंजावुरात पोरं तिच्यासाठी भांडायची. घरी आलात की कापी प्यायची, सदरा खुंटीला, आणि मला हाक. मी परकर खोचून स्टुलावर. तिचा पदर उडताना दिसायला हवा, म्हणून आईचं जुनं लुगडं माझ्या खांद्यावर टाकायचं आणि त्याचं टोक दोऱ्यानं खिडकीच्या गजाला बांधायचं. हात वर. एक पाय मागे. ‘सुम्मा उभी राहा, हलू नकोस.’ नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. हाताला मुंग्या येतात, स्टूल डुगडुगतं, स्वयंपाकघरातून रसमाचा वास येतो, आणि तुमची पेन्सिल आपली खरखर चाललेली. एकदा मी मान वळवून विचारलं, ‘अप्पा, मी कशी दिसते?’ तुम्ही कागदावरून डोळे न काढता म्हणालात, ‘तोंड भिंतीकडे कर. तुझं तोंड मधे येतंय.’

केलं की भिंतीकडे. त्या भिंतीचे पोपडे मला अजून पाठ आहेत.

माझं तोंड मधे का येत होतं ते मला तेव्हाही कळत होतं, मी काही दूधपिती नव्हते. आदल्या आडी महिन्यात, अठराव्या दिवशी, सगळे तिरुवैयारूला गेलो होतो. नदीला नवं पाणी आलेलं. बायका हळदीचे दोरे, काळे मणी, ताडपानांची कर्णफुलं पाण्यात सोडत होत्या. मी वरच्या पायरीवर चित्रान्नाचा डबा धरून बसले होते आणि आक्का ताटली घेऊन खाली उतरली. ताटली नीट पुढे जाईना म्हणून आणखी एक पायरी उतरली. एवढंच. तिचा आरडाओरडासुद्धा झाला नाही. लोक धावले ते शेजारची बाई ओरडली म्हणून. फोटो नव्हता तिचा एकही. फोटो काढला की पोरीचं आयुष्य घटतं म्हणायची तुमची आई, आणि तुम्ही म्हणायचा, पुढच्या पोंगलला नेऊ दोघींना स्टुडिओत.

मग ती साप्ताहिकात आली. तेच बसकं नाक, तीच हनुवटी, भुवयांच्या मधे तेवढीच जागा. आधी पोरसवदा होती. पुढच्या पानांत हळूहळू मोठी होत गेली, अंगानं भरली, बाई झाली. घरात जी वाढायची राहिली ती तुम्ही कागदावर वाढवलीत. अंग मात्र माझं वाढत होतं ना, ते बघून. शेजारणी आईला म्हणायच्या, ‘किती जिवंत काढतात हो.’ आई ताक घुसळत राहायची. तिनं ते साप्ताहिक कधी हातात घेतलं नाही, चुलीत घालायलासुद्धा नाही.

तर सिनेमा. चार-पाच वर्षांपूर्वी एक दाढीवाला मुलगा आला, दिग्दर्शक म्हणे, आणि त्याच्याबरोबर त्याची मदतनीस, केस कापलेली एक हसरी पोरगी. तुमची पानं त्यानं लहानपणी मामाच्या घरी वाचलेली. तुमच्या नातवानं, म्हणजे माझ्या लेकानं, खूश होऊन परवानगी दिली. मी अंगणात सांडगे वाळत घालत होते. पोरगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘पाट्टी, हा चेहरा कुणाचा? त्या काळची कुणी नटी होती का?’ लेक म्हणाला, ‘कल्पनेतला असेल.’ मी म्हटलं, ‘माझ्या बहिणीचा.’ माझ्या लेकानंही हे पहिल्यांदाच ऐकलं. दिग्दर्शकानं कापीचा पेला खाली ठेवला. ‘फोटो आहे तिचा?’ ‘फोटो असता तर एवढी चित्रं कशाला काढली असती, बाबा?’

त्या दिवसापासून मी त्यांची शहाणी. हा चेहरा मिळाल्याशिवाय सिनेमा नाही, असं तो बोलून गेला. आणि मीही, इतकी वर्षं तुमच्यावर दात धरून असलेली, त्याला हो म्हटलं. आक्का परत दिसणार होती, हलताना, बोलताना. तुमच्यावरचा राग वेगळा, तिच्यावर माझा कसला राग.

मग सुरू झाल्या अफवा. चेन्नईत कंप्युटरवर काम करणारी माझी नात आहे, ती रोज फोनवर एक नवी सांगायची. पहिली नटी केरळची. चेहरा जवळपास, पण पोहता येत नव्हतं, पाण्याला घाबरायची. दुसरी हिंदीवाली, तिला तमिळचं एक वाक्य तोंडात बसेना. तिसरीनं हो म्हटलं आणि लग्न ठरवलं. मधे पोस्टर आलं, त्यात बाई पाठमोरी. मी विचारलं, ‘तोंड कुठाय?’ नात म्हणाली, ‘नटीच ठरली नाही ना अज्जी, म्हणून पाठ दाखवली.’ म्हटलं, दाखवा, पाठीला कोण विचारतं. दूधवालासुद्धा फाटकातून ओरडायचा, ‘मामी, तुमच्या सिनेमात ती येणार म्हणे, नाकाचं ऑपरेशन केलेली?’ ‘तिचं नाक तिलाच राहू दे, तू दुधात पाणी कमी घाल.’ आणि दर वेळी नातीनं फोटो दाखवला की मी नाक बघायची, हनुवटी बघायची, आणि नाही म्हणायची. जसं काय सगळे माझ्या होकारासाठीच अडले होते.

नुसती नटीच अडली असती तरी एक वेळ ठीक होतं. गोष्ट पण दर सहा महिन्यांनी बदलायची. आधी नदी होती, मग समुद्र झाला, मग पैसे घालणाऱ्यांपैकी कुणाला तरी वाटलं की बाई दुसऱ्या ग्रहावरून यावी. पदर गेला, अंगाला चिकटणारे रबराचे कपडे आले. मी नातीला विचारलं, ‘पाण्यावरून चालणाऱ्या बाईला रबरी बूट कशाला?’ ती म्हणाली, ‘अज्जी, ती लढते ना, साडीत कशी लढेल?’ ‘तुझी पणजी साडीत नारळाच्या झाडावर चढली होती, माकडाच्या मागे.’ ती हसली, पण हे तिनं त्या मदतनीस पोरीला कळवलं असावं, कारण पुढच्या खेपेला पदर परत आला होता.

गेल्या वर्षी ती मदतनीस पोरगी एकटीच आली. दमलेली, डोळ्यांखाली काळं. ओट्यावर बसली, मांडीवर कंप्युटर उघडला. ‘पाट्टी, नटी नाही ठरली अजून, पण थोडं शूटिंग करून बघितलंय, पैसेवाल्यांना दाखवायला.’ मी चष्मा पुसून बघितलं. पाण्यावर एक पोरगी उभी. हात वर, एक पाय मागे. पदर मागे ताणलेला, त्याला दोरी. दोरी नंतर पुसणार म्हणे. सगळं तुमच्या चित्रासारखं हुबेहूब. फक्त तोंडावर काळे ठिपके, देवी आल्यासारखे.

‘हे काय?’

‘ही ड्यूप, पाट्टी. उड्या-बिड्या हीच मारणार. खरी नटी ठरली की तिचं तोंड इथं कंप्युटरवर बसवायचं. ठिपके त्यासाठीच.’

‘परत लाव.’

तिनं परत लावलं. मी पोरीचे खांदे बघत होते. खांदा दुखला की तो जरासा कानाकडे जातो, दुसऱ्या कुणाला कळत नाही.

‘किती वेळ उभी केली होती हिला?’

‘सकाळभर.’

‘कुरकुरली?’

‘नाही हो, फार गुणी आहे.’

‘गुणी असतात त्यांनाच उभं करतात. तिचं तोंड कसं आहे?’

‘कुणाचं? ड्यूपचं?’ तिला माझा प्रश्नच कळला नाही. मग फोनमध्ये शोध शोध शोधून एक फोटो काढला. पोरगी होडीच्या काठावर बसून केळीच्या पानावरचा दहीभात खातेय, कुणाकडे तरी बघून हसतेय. कपाळ मोठं, एक दात दुसऱ्यावर चढलेला. आक्कासारखी नाही, माझ्यासारखी तर नाहीच. तिरुवैयारूच्या पलीकडच्या गावची, काठी फिरवण्यात पटाईत, बाप भातशेती करतो, असं ती सांगत होती. मी फोन हातात घेऊन बसले. म्हटलं, ‘तुझ्या दिग्दर्शकाला सांग, त्या बाईची बहीण म्हणते, माझ्या बहिणीचं तोंड नको. जिचे हात, तिचंच तोंड असू दे.’

तिनं कंप्युटर मिटला. ‘पाट्टी, चेहरा जुळत नाही म्हणून आम्ही कितीतरी नट्या नाकारल्या.’

‘माहीत आहे. मीच नाकारल्या.’

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाचा फोन. आधी माझी तब्येत विचारली. मग म्हणाला, ‘माझ्या मनात हेच होतं, पण म्हणायला कुणाचा तरी आधार हवा होता.’ तो खरंच गेला पैसेवाल्यांकडे, त्या दहीभातवाल्या पोरीचं नाव घेऊन. त्यांनी विचारलं, हिला बघायला कोण येणार? आधी पुढे ढकललं, मग पुढे ढकलल्याची बातमीपण यायची बंद झाली. नातीनं एके दिवशी सांगितलं, ‘अज्जी, बंद केलं त्यांनी. तुझ्यामुळे नाही हं, आधीपासूनच डळमळत होतं.’ मी म्हटलं, मला समजूत घालू नकोस, भोकाची होडी म्हातारी बसली म्हणून बुडत नाही. विचारलं, त्या पोरीला कुणी कळवलं का? तिला माहीत नव्हतं. पुढे मदतनीस पोरगीच सांगत होती, ती मला अजून फोन करते, विचारते, ‘अक्का, परत कधी पाण्यात उतरायचं?’

म्हणजे आता कुणीच नाही. ती पोरगी नाही, आणि आक्काही नाही. साप्ताहिक केव्हाच बंद पडलं, आपल्याकडच्या अंकांना वाळवी लागली, उरली ती चार-दोन पानं. मी आहे तोवर त्या पानावर बोट ठेवून आक्का म्हणणारं कुणी आहे. त्यानंतर ती नुसती चित्रातली बाई. सिनेमा झाला असता तर जगानं तिला बघितलं असतं, नाव माहीत नसतानाही बघितलं असतं. ते मी घालवलं म्हणा हवं तर. परत विचारलं तरी मी तेच सांगेन. पण त्या संध्याकाळी मला भात उतरला नाही, आणि मी जेवण सोडणारी बाई नव्हे, तुम्हाला माहीत आहे.

हे पत्र कुठे टाकायचं? पोस्टात टाकून उपयोग नाही आणि कावेरीत मी टाकणार नाही, आपल्या घरातलं तिला पुरेसं दिलंय. घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवीन. माझ्यामागे सून डबा उचलेल तेव्हा बघेल. तिला तमिळच वाचता येतं, ही आपली मराठी अक्षरं नाहीत, ते एक बरं आहे.

आणि एक. हात दुखायचे, पाय आखडायचे, पण मला ते उभं राहणं आवडायचं. आक्का गेल्यावर तुम्ही घरात कुणाकडेच बघत नव्हता. तेवढा वेळ तरी माझ्याकडे बघायचा, निदान हातांकडे. म्हणून मी कधी कुरकुरले नाही. गुणी-बिणी काही नव्हते.

एकदा पेन्सिलचा आवाज थांबला. माझं तोंड भिंतीकडे, डोळे मिटलेले. तुम्ही उठलात, भिंत आणि मी यांच्या मधल्या एवढ्याशा जागेत येऊन उभे राहिलात. तुमचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता. मी डोळे उघडले नाहीत, उघडले असते तर तुम्ही गेला असता. बराच वेळ तुम्ही तिथंच. त्या वेळी तुम्ही मला बघत होता, की माझ्यात तिला शोधत होता? तुम्ही सांगू नका. तुम्हाला पोरींची तोंडं बदलायची सवय आहे. आई उंबऱ्यावर नारळ खवत बसली होती, आणि तिचंही खवणं थांबलं होतं. तिनं सगळं बघितलंय, आणि आता तीही तिकडे तुमच्याजवळच आहे. उत्तर तिनं द्यायचं, तुम्ही मधे बोलायचं नाही.