तीन वळणं

१४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय धाकटे,

तुझी कंबर आता बरी असेल असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. दोन गल्ल्या पलीकडच्या बहिणीला पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून.

मी अजून रागावलेलीच आहे. माझ्या मुलीला परस्पर कळवलंस, ‘तुझी आई वाट चुकते.’ लगेच तिचं सुरू, घर बंद कर, माझ्याकडे ये. अगं, पाणीखात्यात तेहतीस वर्षं नळांचे नकाशे काढले मी! जमिनीखालची एकेक वाहिनी डोळे मिटून दिसायची.

तिच्या हट्टापायी डॉक्टरीणबाईंकडे गेले. पोरसवदा बाई. समोर पाटावर नऊ ठोकळे. त्या काहींवर टिचकी मारणार, मी त्याच क्रमाने मारायची. मी आपली सवयीने ठोकळ्यांना नकाशासारखे आकडे देत बसले, तोवर टिचक्या संपल्या! चार जमले. पाचव्याला बोट हवेतच.

“आजी, रोज चाला. धाप लागेल, पण बोलता येईल इतकं भरभर.”

“आणि औषध?”

“हेच.”

एवढं शिकून हे! कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर रोज कवायत करून घ्यायच्या, त्यांना नाही कुणी डॉक्टर म्हटलं.

तरी तीन महिने चालले. परवा पाच जमले. “चालण्यानेच झालं असं छातीठोकपणे नाही सांगत,” बाई म्हणाल्या, “सवयही झाली असेल. पण चालणाऱ्यांची ही नजरेची आठवण बरी राहते असं दिसतं. थांबू नका.” खरं बोलते पोर. आवडली मला.

बरं, आता ऐक. त्या दिवशी कोपऱ्यावर तुला मी दिसले, तेव्हा तुला सांगितलं तशी मी दुकानाची पाटी वाचत नव्हते. कुठल्या बाजूला वळायचं, तेच डोळ्यांपुढे येईना. घर माझंच, चाळीस वर्षांचं. तू हात धरलास आणि मी झिडकारला. भ्याले होते गं.

मुलगी आता म्हणते, मावशी सांगेल तसं करू. म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. चालत आणून तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. मध्ये तीन वळणं आहेत. अडले, तर कुणाला तरी विचारीन; तेवढं शिकले. तुझ्या हाती पडलं, तर आधी फोनकडे धावू नकोस. दार उघड.

तुझ्या पायरीवर बसलेली,
ताई