मुकादमाचं वजन

दि. १७ फेब्रुवारी, मंगळवार

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही ठीक आहोत. हिची कंबर आता बरी आहे. उठताना बसताना "आई गं" म्हणते, पण ते दुखण्यापेक्षा सवयीचं जास्त आहे. वहिनीच्या गुडघ्याला नवा पट्टा मानवला का, ते कळव. तू पाठवलेला स्वेटर मिळाला. बाह्या बोटभर लांब आहेत, दुमडून घालतो. दुकान चाललंय. हल्ली सगळे आकडे दाखवणारे विजेचे काटे दुरुस्तीला येतात. जुना तराजू घेऊन येणारा महिन्यातून एखादाच, आणि तो आला की मी हातातलं काम बाजूला ठेवून आधी त्याचं करतो.

मुकादम गेल्याचं तुला हिच्याकडून कळलंच आहे. परवा सकाळी गेला. तू हिच्याजवळ निरोप ठेवलास, "त्याला म्हणावं, मी सांगितलं होतं. वय झालं होतं त्याचं. उगाच त्या जिवाचे हाल केलेस."

निरोप पोचला. हिनं एक शब्दही न गाळता सांगितला आणि वर विचारलं, "आता यालाही हो म्हणणार का?"

नाही म्हणणार. म्हणून हे पत्र.

तू त्याला एकदाच पाहिलंस, तेही पाय खुर्चीवर घेऊन. ठकी शिकायला बाहेर निघाली तेव्हा तू लेकीला सांगितलंस, "उंदीर या घरात राहणार नाही." ती काचेची पेटी पोटाशी धरून, नाक पुसत माझ्याकडे आली. तो उंदीर नव्हता, जर्बिल होता. मूळचा कोरड्या वाळूतला प्राणी, शेपटीच्या टोकाला झुबका, आणि पुठ्ठा दिसला की कुरतडून त्याचा भुगा करायचा. मी पेटी दुकानात बाकाच्या कोपऱ्यावर ठेवली. मी कानस चालवायला लागलो की हा मागच्या पायांवर उभा राहायचा, पुढचे हात पोटाशी धरायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. कामगार चुकारपणा करतात का ते बघायला मुकादम उभा असतो ना, तसा. ते नाव समोरच्या शिंप्यानं ठेवलं. "मुकादम, तुमचा माणूस आज उशिरा आला," असं तो पेटीकडे बघून म्हणायचा आणि मला मात्र काही बोलायचा नाही. साडेतीन वर्षं हे चाललं. या जातीला एवढं आयुष्य म्हणजे म्हातारपणच.

गेल्या महिन्यात त्याच्या पोटावर गाठ दिसली. हरभऱ्याएवढी होती. तो ती चाटायचा, मग चावायला लागला, भुशावर रक्ताचे ठिपके दिसू लागले. मी त्याला दर महिन्याला सोनाराच्या काट्यावर तोलत असे. अठ्ठ्याहत्तर ग्रॅमचा एकाहत्तर झाला होता.

तेव्हाच तुझा फोन आला. मी बोलता बोलता गाठीचं आणि डॉक्टरला दाखवायचं सांगितलं, आणि तू हसलास. हसलास त्याचं काही नाही, उंदराच्या डॉक्टरबद्दल ऐकून कुणीही हसेल. पण मग तुझा आवाज बदलला. तू म्हणालास, "हे बघ, वय झालंय त्याचं. आता त्रास कशाला द्यायचा? ठकीला मी सांगतो, गेला म्हणून." मी उभा राहून "हो दादा" म्हटलं. फोन ठेवला, तेव्हा तो पेटीत सूर्यफुलाची बी सोलत होता. जिवंत होता, आणि आपण दोघांनी त्याला गेलेला ठरवलं होतं.

त्या दिवशी मला काम जमलं नाही. तुझं ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. शब्द तेच, आवाजही तोच. कुठे ऐकलं होतं ते पुढे लिहितो. आधी हे पुरं करू दे.

मी ठकीला फोन केला. तुला न विचारता केला. ती आधी रडली. मग म्हणाली, "काका, मी इतकी लांब. तुम्ही रोज बघता त्याला. तुम्ही ठरवा." दादा, मी पन्नाशीला आलो. मला कुणी "तुम्ही ठरवा" म्हटल्याचं आठवत नाही. घरातलं सगळं आधी आण्णांनी ठरवलं, मग तू. दुकानही तू नोकरीला लागलास म्हणून माझ्या वाट्याला आलं. मी तक्रार करत नाही, मला ते काम आवडतं. पण ठरवण्याची ताकद हातात लागते, आणि ती न वापरता आखडते, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या देवापुढे दिवा लावला. तो बरा होऊ दे, असं मागितलं नाही. एवढंच म्हटलं, देवा, आज माझं तोंड उघडू दे. आणि त्याला बुटाच्या खोक्यात घालून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. खिशात शंभर ग्रॅमचं वजन होतं. ते माझ्या खिशात नेहमीच असतं.

बाकावर एका बाजूला एक भलामोठा कुत्रा, दुसऱ्या बाजूला मांजर घेतलेल्या एक आजीबाई. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि आपली मांजर उचलून दुसऱ्या मांडीवर घेतली. "त्याला बघून हिच्या तोंडाला पाणी सुटायला नको," म्हणाल्या.

डॉक्टरीण तरुण होती, भराभर बोलणारी. तिनं त्याला मुठीत उताणं धरलं, गाठ दाबून पाहिली. म्हणाली, म्हाताऱ्या नरांना ही गाठ होते. ठेवली तर फुटेल, चिघळेल, तो ती चावत राहील, दोन-तीन महिने असेच जातील. काढायची तर भूल द्यावी लागेल, आणि या वयात तो टेबलावरून उठेलच असं नाही. "किंवा फार दुखायला लागलं की झोपवू शकतो. कायमचं," हे तिनं हळू आवाजात सांगितलं. मग "औषध वजनावर काढते," म्हणून त्याला डब्यासकट टेबलावरच्या काट्यावर ठेवलं, डब्यावर लिहिलेलं डब्याचं वजन वजा केलं आणि कागदावर लिहिलं, एक्क्याण्णव.

मी त्याला सकाळीच तोललं होतं. एकाहत्तर.

ती शिकलेली, मी कंदिलाच्या रात्रशाळेतला. पण मी बोललो. "डॉक्टर, तुमचा काटा चुकतोय."

तिनं चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही काटा तपासायला आलात की उंदीर दाखवायला?"

"दोन्ही," म्हटलं, आणि खिशातलं वजन काढून काट्यावर ठेवलं. शंभरच्या जागी एकशे वीस दिसले.

"वीस ग्रॅमनं काय होतं हो? इथे कुत्री येतात तीस-तीस किलोची."

"कुत्र्याला काही होत नाही. एकाहत्तर ग्रॅमच्या जिवाला वीस म्हणजे पाव अंगाहून जास्त. तेवढं औषध जादा जाईल."

ती कागदावरचा आकडा खोडून, मला खुर्ची देऊन म्हणाली, "बसा. दुरुस्त करता येईल का?" काटा एका पायावर वाकडा बसला होता आणि तबकाखाली केसांचा पुंजका अडकला होता. पाच मिनिटांचं काम.

आता ते दुसरं लिहितो. नऊ वर्षं लिहायचं टाळलं.

आण्णांना घशाच्या गाठीसाठी दवाखान्यात ठेवलं होतं. आवाज गेला होता. शस्त्रक्रिया करायची की नाही, हे त्या दिवशी ठरायचं होतं. वॉर्डातल्या माणसानं त्यांना दोन्ही खांद्यांना धरून उभ्या काट्यावर चढवलं, तो गोल तबकडीचा काटा. सुई एकेचाळीसवर थांबली. मोठे डॉक्टर तुला म्हणाले, "महिन्यात नऊ किलो उतरलेत. एवढी झीज असेल तर भूल जोखमीची आहे. तरी तुम्ही ठरवा." महिन्यापूर्वीचं पन्नास हे वजन आपल्या दुकानातल्या काट्यावरचं होतं, मीच केलेलं.

आण्णा काट्यावर चढायच्या आधी मी सुई पाहिली होती. ती शून्यावर नव्हती. शून्याच्या चार घरं मागे उभी होती.

आण्णांनीही पाहिली होती. चाळीस वर्षं दुसरं काय पाहिलं त्या माणसानं! त्यांनी आपल्याकडे बघून हात वर केला. चार बोटं, तळवा जमिनीकडे. तू म्हणालास, "चार वाजता डबा येईल आण्णा, आता पडा." डॉक्टर हसले.

तुला ती खूण आठवते? दुकानात घासायच्या यंत्राचा आवाज असायचा, बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून आण्णांनी ती बसवली होती. जितकी घरं चूक तितकी बोटं. तळवा वर असेल तर काटा जास्त दाखवतो, तळवा खाली असेल तर कमी. तूही दोन वर्षं त्या बाकावर बसला होतास. चार किलो कमी दाखवतोय, एवढंच ते सांगत होते. नऊ नव्हे, पाचच किलो उतरलेत, मला तपासा, असं ते सांगत होते.

मला खूण कळली, दादा. मी काही बोललो नाही. तू डॉक्टरांना म्हणालास, "वय झालंय त्यांचं. आता त्रास कशाला द्यायचा?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी होकाराची मान हलवली. आण्णांचा हात अजून वर होता. मग त्यांनी तो खाली घेतला आणि पुढचे सात आठवडे मला काही विचारलं नाही. विचारणार कसे म्हणा, आवाज नव्हता. पण खूणही केली नाही.

ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. चार किलोनं कदाचित काहीच बदललं नसतं. तुझी माया कमी होती, असंही नाही. तू त्यांचे पाय चेपत रात्ररात्र बसलास, ते मी पाहिलं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. ठरवायच्या आधी तोलायला हवं होतं, आणि खोलीत तोलता येणारा माणूस उभा होता, आणि तो गप्प बसला. पाप असेल तर ते माझं आहे. देवापुढे मी ते रोज कबूल करतो. पण तुझ्यापुढे कधी केलं नव्हतं, म्हणून देवालाही ते पटत नसावं.

मुकादमाचं मी तीन दिवस बघून ठरवलं. तो पुठ्ठा कुरतडत होता, कोपरा उकरत होता, कानशीचा आवाज आला की उभा राहत होता. ज्याला अजून उभं राहावंसं वाटतंय त्याचं वय मी का मोजू? गाठ काढायच्या कागदावर सही केली. मी केली. ती सही करताना मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

तो टेबलावरून उठला. हाल झाले नाहीत असं म्हणणार नाही, पहिले दोन दिवस झाले. काडीएवढ्या नळीनं औषध पाजलं, तर तो माझ्या अंगठ्याला चावला. तिसऱ्या दिवशी बी सोलली. चौथ्या दिवशी शिंपी येऊन म्हणाला, "काय मुकादम, रजा संपली?" आठव्या दिवशी तो उभा राहिला, हात पोटाशी धरून. नंतर दोन दिवस फार झोपला आणि अकराव्या दिवशी सकाळी उठलाच नाही. पोटावरचा व्रण कोरडा होता, चावलेला नव्हता.

अकरा दिवस. यावर तू "बघ, काय मिळवलंस" म्हणशील. खुशाल म्हण. अकराच्या जागी एक असता तरी मी सही केली असती. टेबलावरच गेला असता तरी केली असती. तुझ्या "मी सांगितलं होतं"ला माझं उत्तर एवढंच आहे की तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

आणखी एक. तू ठकीला काय सांगणार होतास ते मी होऊ दिलं नाही. काल तिला मुकादमाचं सगळं सांगितलं, अकराही दिवसांचं. मग राहवलं नाही मला, आण्णांचंही सांगितलं. काटा, सुई, चार बोटं. मग तिनं विचारलं, "बाबांना ती खूण कळली होती का?"

मी म्हटलं, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. नऊ वर्षं मी तुझ्या चेहऱ्यावर तेच शोधतोय. तिला सांगितलं, हे तू बाबांनाच विचार.

ती रविवारी तुझ्याकडे येते आहे. मीही येतो. जे असेल ते तिला सांग. कळली नव्हती म्हणालास तर मी मानीन. कळली होती म्हणालास तर आपण दोघं एका बाकावर आलो, मी तुला एकटं सोडणार नाही. पण या वेळी "त्रास कशाला" म्हणू नकोस.

वहिनीला नमस्कार. हे पत्र तिलाही वाचू दे.

सवयीनं खाली "तुझा आज्ञाधारक" लिहून गेलो होतो. ते खोडलं आहे. खोडलेलं तुला दिसावं म्हणून कागद बदलला नाही.

तुझा भाऊ