ऑर्डवे विनाशिकेची पाकिटं आणि चार रजिस्टरं

मी, सौ. शैलजा उल्हास टेंबे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, मूळची नागपूरची, गेली सेहेचाळीस वर्षं राहणार पिस्कॅटवे, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डोळ्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं आहे आणि पुसट शिक्का मी अजून भिंगाशिवाय वाचते. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. असतं तरी उपयोग झाला नसता, हे मला ओळखणारे सांगतील. वकीलबाईंनी याचं इंग्रजी करून सोबत जोडायचं कबूल केलं आहे. त्यांना विनंती की मधली बोलणी गाळू नयेत.

कलम एक. घर माझ्या आणि माझे पती उल्हास यांच्या नावावर आहे. माझ्या मागे ते त्यांचं. त्यांच्या मागे मुलगा अनीश आणि मुलगी गिरिजा यांनी ते विकावं आणि सारखं वाटून घ्यावं. अनीश चँडलरला, गिरिजा शुगर लँडला, दोन्ही गावं उष्ण हवेची. दोघांपैकी कोणी इथल्या बर्फात परत येणार नाही, आणि मला त्याचा राग नाही. बँकेतलं जे काही आहे त्यालाही हाच नियम.

कलम दोन. माझ्या साड्या गिरिजाला. माझं टपाल खात्याचं निळं जाकीट नात अनया हिला, कारण तिने ते मागितलं. "आजी, इट्स सो कूल," असं ती म्हणाली. कूल होतंच ते. नागपूरला रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सहा वर्षं आणि इथे टपालाच्या सॉर्टिंग केंद्रात सत्तावीस वर्षं मी पत्रं लावली. नागपूरच्या आमच्या सेक्शनमध्ये मी एकटी बाई होते. इथे आल्यावर सुपरवायझरने पहिल्या आठवड्यात विचारलं, वाचता येतं का. पुढच्या महिन्यापासून न लागणारे पत्ते माझ्याकडे यायला लागले.

कलम तीन. माझं दहापट भिंग, चिमटे आणि टेबलाचा दिवा आमच्या टपाल-संग्राहक क्लबला. त्याच क्लबातले एक गृहस्थ, नाव लिहीत नाही, त्यांनी मला पहिल्या सभेत विचारलं होतं की मी मिस्टरांसाठी थांबले आहे का. त्यांना काही ठेवलेलं नाही. दिव्याच्या उजेडात बसायला मात्र हरकत नाही.

कलम चार, आणि खरं म्हणजे या सगळ्या लिखाणाचं कारण.

१९९४ साली एका गराज सेलमध्ये मी बुटांचा एक खोका घेतला. त्यात चौसष्ट जुनी पाकिटं होती. सगळी एकाच माणसाने, वॉल्टर व्हिटलो नावाच्या खलाशाने, आपल्या कोरा नावाच्या बहिणीला पाठवलेली. वॉल्टर यू.एस.एस. ऑर्डवे या विनाशिकेवर होता. ही अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या विनाशिकांपैकी एक. कोळशावर चालणारी, चिंचोळी, थोड्या लाटेतही भिजणारी. १९१० साली नौदलात आली, क्युबाच्या नि मेक्सिकोच्या किनाऱ्याने हिंडली, पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांची राखण केली, आणि १९१९ मध्ये निवृत्त होऊन पुढे भंगारात गेली. बोटीवर स्वतःचं पोस्ट ऑफिस होतं. त्याच्या शिक्क्यात बोटीचं नाव, तारीख आणि आडव्या पट्ट्यांच्या मध्ये बंदराचं नाव असे. म्हणजे पाकीट हातात घेतलं की बोट त्या दिवशी कुठे उभी होती ते कळतं. शिक्के मारणारा कारकूनही वॉल्टरच होता. माझ्या धंद्यातला माणूस! हात सरळ, शाई बेताची, तारीख कधी उलटी नाही. मी त्याला कधी पाहिलं नाही, पण त्याच्या शेजारी बसून मी आनंदाने काम केलं असतं.

आता माझे पती. उल्हास पुण्याचे, मेकॅनिकल इंजिनिअर, शाळेत असताना तिकिटं जमवणारे. आपल्याकडे तिकिटं कशी जमवतात हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेल: पाकिटाचा कोपरा कापायचा, पाण्यात टाकायचा, तिकीट सुटलं की वर्तमानपत्रावर वाळवून वहीत लावायचं. १९९६ साली माझ्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला यांनी मला चकित करायचं ठरवलं. मी ड्युटीवर असताना यांनी पीठ मळायच्या परातीत कोमट पाणी घेतलं आणि ऑर्डवेच्या अकरा पाकिटांवरची तिकिटं सोडवली. सुंदर काळ्या पानांच्या अल्बममध्ये ती ओळीने लावली, खाली अक्षर काढून तारखा लिहिल्या. पाकिटं रिसायकलिंगच्या डब्यात टाकली. गाडी सकाळीच येऊन गेली होती.

दोन सेंटची लाल तिकिटं ती. या देशात पोत्याने मिळतात. त्यांच्या कडेला शिक्क्याचा नखाएवढा तुकडा राहिला होता, बाकी सगळं गेलं.

मी विचारलं, "अहो, बाकीची का नाही सोडवलीत?"

हे म्हणाले, "त्यांना तिकीटच नव्हतं. मला वाटलं, फालतू आहेत."

ती युद्धातली पाकिटं. युद्धावरच्या खलाशांना टपाल मोफत होतं, म्हणून तिकीट नाही, म्हणून वाचली. त्या वाढदिवसानंतर चार महिने मी यांच्याशी कामापुरतंच बोलले. वरण-भात वाढला, गाडीची चावी दिली, एवढंच.

यांनी माफी एकदाच मागितली. मग वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पत्र लिहिलं, ऑर्डवेची रोजनिशी बघता येईल का म्हणून. बोटीच्या डेकवर दर पाळीला जे लिहून ठेवतात, ते. परवानगी मिळाल्यावर हे आपल्या रजा काढून तिथे जायला लागले. पहाटे निघायचे, डबा मी द्यायचे, न बोलता. तेरा वर्षांत एकोणीस खेपा. तिथे पेन चालत नाही, म्हणून पेन्सिलीने उतरवून आणायचे आणि घरी येऊन शाईने रजिस्टरात लिहायचे. वारा कुठला, कोळसा किती भरला, कोण आजारी, बोट कुठल्या बंदरात. त्या अकरा तिकिटांवरच्या नखाएवढ्या तुकड्यांवरून यांनी अकराही पाकिटं कुठून निघाली होती ते शोधून काढलं. चार लांब रजिस्टरं भरली. एका साध्या विनाशिकेचा नऊ वर्षांचा दिवसवार इतिहास असा दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. मी हे अभिमानाने लिहिते आहे. असं काम करणारा माणूस माझ्या घरात सकाळी इस्त्रीच्या शर्टवर पोहे सांडत होता.

२०११ मध्ये मोठ्या प्रदर्शनात मी ऐंशी पानांची मांडणी केली आणि तिला सुवर्णपदक मिळालं. परीक्षक म्हणाले, पाकिटं चांगलीच आहेत, पण हा सेवा-इतिहास असामान्य आहे. पहिल्या पानावर लिहिलं होतं: संग्रह आणि संशोधन, शैलजा टेंबे. मी पदक घेतलं, हात मिळवले, फोटो काढला. हे तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. माझ्या तोंडून यांचं नाव निघालं नाही. मनात म्हटलं, अकरा पाकिटांची फेड झाली. घरी येताना यांनीच पदक मांडीवर धरलं होतं, त्याच्या डबीची काच पुसत होते. ते आठवलं की अजून मला स्वतःची लाज वाटते.

आता मुलांचं म्हणणं. गेल्या दिवाळीत दोघांशी व्हिडिओ कॉल झाला.

अनीश म्हणाला, "आई, कव्हर्स ऑक्शनला टाक. एकेक करून विकली तर लगेच जातील. बाबांची रजिस्टर्स मी स्कॅन करून ठेवतो, मग पेपर रिसायकल करू."

"तुझ्या घराण्यात रिसायकलिंगचा हात आहेच," मी म्हटलं.

गिरिजा म्हणाली, "आई, टोमणे नकोत ना. म्युझियमला पण मी ईमेल केलं होतं. दे वॉन्ट द कव्हर्स. हँडरिटन नोट्स ते अॅक्सेप्ट करत नाहीत."

म्हणून हे कलम. माझी त्रेपन्न पाकिटं, अकरा तिकिटांचा अल्बम आणि चार रजिस्टरं ही एकच वस्तू समजावी. ती अखंड द्यावी, एकाच कपाटात राहावी. संग्रहालयाला हवी असतील तर सगळी, नाही तर एकही नाही. त्यांनी नाकारलं तर गिरिजाने ती सांभाळावी. शुगर लँडला दमट हवा फार, तेव्हा डिह्युमिडिफायर लावावा. आणि जिथे जातील तिथे पहिल्या पानावर असं लिहिलेलं असावं: संग्रह, शैलजा टेंबे, संशोधन, उल्हास टेंबे. हे नाव गाळलं तर देणगी रद्द. २०११ च्या प्रदर्शनाच्या आयोजकांनाही मी तसं पत्र पाठवलं आहे आणि पदकामागे यांचं नाव कोरून घेण्यासाठी पदक सोनाराकडे दिलं आहे.

सही करण्यापूर्वी जोडलेला मजकूर.

आज रविवारी दुपारी तीन वाजता साक्षीदार येऊन बसले. वरचं सगळं लिहून तयार होतं. पण मला वाटलं, मी मेल्यावर हे वाचून दाखवायला लावण्यात काय अर्थ आहे. म्हणून मी यांना हाक मारली आणि कलम चार सर्वांसमक्ष वाचलं. लाज वाटते असं जिथे लिहिलं आहे तिथेही थांबले नाही.

हे खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "नाव घालतेस?"

"घातलंय."

"मग चौथं रजिस्टर दे. पान सत्त्याऐंशी दुरुस्त करायचंय."

मी विचारलं काय झालं. हे म्हणाले, "बोट मी ब्रेस्टला तीन मार्चला पोचवली आहे. ती पाचला पोचली. दोन दिवस वादळात गेले होते, माझ्या उतरवण्यात पान सुटलं. शेवटच्या खेपेला लक्षात आलं."

"म्हणजे पंधरा वर्षं ठाऊक आहे तुम्हाला? आणि पदक मिळालं त्यात हे पान होतं!"

"म्हणून तर बोललो नाही. तुझं पदक होतं, शैला. पण आता माझं नाव खाली येणार असेल तर वरचं बरोबर पाहिजे."

"आणि माझं नाव चुकीच्या पानाखाली चाललं?"

"तुझी पाकिटं बरोबर होती," हे म्हणाले, आणि चष्मा शोधायला लागले.

मी रागवायचं ठरवत होते, पण हसू आलं. यांनी पट्टी घेतली, तीन मार्च एका रेघेने खोडलं, वर पाच लिहिलं, ते दोन दिवस समासात बारीक अक्षरात भरले. वारा वायव्येचा, दोन नावा वाहून गेल्या, सगळे खलाशी सुखरूप. एकेक अक्षर जपून काढलं, त्यामुळे वेळ लागला. साक्षीदारांचा दोनदा चहा झाला. मग चारही रजिस्टरांच्या शेवटच्या पानावर यांनी सही केली. इतक्या वर्षांत एकाही पानावर यांची सही नव्हती, हे माझ्याही आज पहिल्यांदा लक्षात आलं.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि पान सत्त्याऐंशीसह आता बरोबर आहे.

सही: शैलजा उल्हास टेंबे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली आणि ज्यांना यातलं काहीही मिळायचं नाही:
१. अस्मिता वेलणकर, शेजारी
२. नंदकुमार ऊर्फ नंदू शेवडे, निवृत्त टपाल कर्मचारी

स्थळ: पिस्कॅटवे, न्यू जर्सी
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, सायंकाळी पावणेपाच

कलम चारपुरती आणखी एक सही, साक्षीदार म्हणून नव्हे:
उल्हास टेंबे, संशोधक