मावशीच्या गावापर्यंत

४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

दोन दिवस एकट्याने गाडी चालवत काल काकांकडे सुखरूप पोचलो. तू दिलेला डबा पहिल्याच टोलनाक्यावर संपवला, रागावू नकोस. डावीकडची काच अर्ध्यावर अडकलीय. वाऱ्याने कान पार बधिर झाले, म्हणून काकूंनी लहान मुलासारखा मफलर गुंडाळून बसवलं.

बिट्टी इथे आलेली नाही. बाळ्या अपघातात गेल्यावर पंधराव्या दिवशी त्याची बहीण, माझी लेक, घर सोडून गेली, त्याला सात महिने झाले, हे काकांना मी सांगितलं तेव्हा कळलं. फोनवर कुणी खरं सांगत नाही, म्हणून दारोदार जाऊन उभा राहतोय.

उद्या मामेभावाकडे निघतो. तिथून पुढे, अगदी शेवटी, तिची मावशी. लिफ्ट दुरुस्तीला कुणी बोलवायला आलं, तर महिनाभर नाही म्हणून सांग.

तुझा, भाऊ

९ जानेवारी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

कान बधिर झाले म्हणतोस, पण ते लहानपणापासूनच तसे आहेत. आईच्या हाका तुला कधी ऐकू आल्या? तरी मफलर सोडू नकोस.

टपालपेटी रोज दोनदा बघते. बिट्टीचं काही नाही. काल तिची खोली झाडली. बाळ्याच्या वह्या तिने जाताना दोरीने बांधून ठेवल्यात.

सात महिने विचारीन विचारीन म्हणतेय, ते आज विचारते. तू खोलीत आलास की ती उठून जायची. अपघातानंतर टाके घालून ती घरी आली, त्या संध्याकाळी मी औषधं आणायला गेले होते. तेवढ्यात काय झालं? खरं लिही.

काळजीत असलेली, ताई

१४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

बिट्टी मामेभावाकडेही नाही. गाडीचा क्लच गेलाय, मेकॅनिक आठवडा लागेल म्हणतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तीनदा लिहून फाडलं. ती कॉटवर बसली होती. कपाळाला पट्टी, हात सारखा थरथरत होता. तिने पाणी मागितलं. मी दिलं नाही. मी म्हणालो, "स्कूटर तू चालवत होतीस. मग तो कसा गेला आणि तू कशी राहिलीस?"

तिने उठून स्वतःच पाणी घेतलं. त्यानंतर ती जाईपर्यंत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही, ताई.

माफी मागायला निघालोय, हे मी आजवर स्वतःलाही सांगितलं नव्हतं. लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.

भाऊ

२३ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

काल दुपारी मावशीच्या दारात पोचलो. बिट्टी सात महिने इथेच होती. काल सकाळी निघून गेली. मावशीने मला आत घेतलं, चहा दिला, आणि कुठे गेली ते सांगणार नाही म्हणाली. बिट्टीने निरोप ठेवलाय: "बाबांना सांग, मी बरी आहे. त्यांनी मला शोधू नये."

चष्म्याच्या दुकानात काचा घासायची म्हणे. मी तिथे गेलो. मालक म्हणाला, हात फार स्थिर, अशी कारागीर पुन्हा मिळायची नाही. तिचा एप्रन अजून खिळ्याला होता. मी कोण, ते त्याला सांगितलं नाही.

मी येतोय हे तिला कुणी कळवलं? काका? मामेभाऊ? तुला कळलं तर लिही. तोवर तिच्या खोलीत थांबतो. कपाट रिकामं आहे.

भाऊ

२८ जानेवारी

चि. भाऊस आशीर्वाद.

मी कळवलं. तुझं पत्र वाचून दोन दिवस अन्न गेलं नाही. मग, असलीच तर मिळेल म्हणून, मावशीच्या पत्त्यावर बिट्टीला लिहिलं: "बाबा येताहेत, झालेलं सगळं कबूल करताहेत, माफी मागणार आहेत. भेटायचं की नाही ते तू ठरव, कुणाच्या दडपणाखाली येऊ नकोस."

मला वाटलं होतं, थांबेल.

काल तिच्या चार ओळी आल्या. माझ्या गुडघ्यांची चौकशी केलीय. पत्ता नाही. तुझं नाव नाही.

आता पुढे शोधू नकोस, परत ये. तुझं जेवण झाकून ठेवीन, अंथरूण घालीन, पण काही दिवस माझ्याशी बोलायला येऊ नकोस. लोभ ठेव म्हणतोस. कमी करता आला असता, तर इतक्या दिवसांत केला असता. तेवढंही मला जमलं नाही.

तुझी, ताई