दाजींचा गॅसवरचा फ्रिज

रविवार, संध्याकाळ. त्र्यंबकेश्वरहून आत्ताच नाशिकला परत आलो.

अजून डोकं शांत नाही. ताईच्या नवऱ्याने, आमच्या दाजींनी, हौसेने जुनी कॅम्पर व्हॅन घेतली आणि पहिल्याच सहलीत आतला गॅसवरचा फ्रिज थंड होईना. त्यात आईचं इन्सुलिन! आणि हे महाशय भर उन्हात कपाळाला टॉर्च बांधून फ्रिजला थापट्या मारत होते.

मी वाकून पाहिलं. मागची ज्योत निळी, व्यवस्थित होती. व्हॅनमधल्या ओट्यावर सांडलेला चहा मात्र एका बाजूला ओघळत होता. म्हटलं, "दाजी, गाडी उतारावर आहे. हा फ्रिज सपाटीवरच चालतो, पुस्तिकेत लिहिलंय."

"तू शाळेत शिकव. मशीनचं आम्हाला कळतं."

काय कळतं? कपाळावरचा टॉर्च चालूच राहिलाय हेही कळत नव्हतं.

आई म्हणाली, "जाऊ दे गं, भांडू नको." मी इन्सुलिन शेजारच्या हॉटेलातल्या फ्रिजमध्ये ठेवून आले, सरळ स्टेअरिंगवर बसले आणि गाडी सपाट जागी नेली. चार तासांत फ्रिज गार.

मग दाजी फोनवर मित्राला सांगतात, "गॅसचा दाब कमी होता, मी वाढवला." ताई खाली मान घालून डबे आवरत होती. लग्न झाल्यापासून ती हेच ऐकतेय. इतकी वर्षं मी तिला भित्री म्हणत आले. आणि आज? मीही तिच्या शेजारी बसून मुकाट्याने डबेच पुसत होते.